मधल्या सुट्टीतील पाठ : खेळता खेळता मूल माणसांत राहायला कसे शिकते



मूल शाळेतून घरी आले की आपण त्याला काय विचारतो? डबा संपवलास का? आज काय शिकवले? गृहपाठ किती आहे? हे प्रश्न आवश्यकच आहेत. परंतु “आज मधल्या सुट्टीत काय खेळलात? राज्य कोणावर होते?” असे विचारणारी घरे फार थोडी. शाळेच्या दिवसातील तो अर्धा तास आपल्या हिशेबातच नसतो. ती वेळ फुकट गेली असे आपण मनातल्या मनात धरून चालतो.

या पाठात आपण त्याच अर्ध्या तासाचा अभ्यास करणार आहोत. सत्संगात आपण क्षमा, समता, संयम, अहंकाराचा त्याग या गोष्टी ऐकतो आणि मुलांनाही बालसंस्कार वर्गात ऐकवतो. मुलाला मात्र या गोष्टी पहिल्यांदा भेटतात त्या ऐकून नव्हे, तर गुडघा खरचटलेला असताना, डाव अंगावर आलेला असताना आणि समोरचा मित्र “तू आऊट आहेस” म्हणून ओरडत असताना. तिथे मोठे माणूस मध्ये नसते. म्हणूनच तिथे जे शिकले जाते, ते मुलाचे स्वतःचे होते.

खेळ सुरू होण्यापूर्वीचा खेळ

मुले मैदानावर आली की लगेच खेळू लागतात असे आपल्याला वाटते. जवळ जाऊन पाहिले तर दिसते की पहिली पाच-सात मिनिटे नुसती बोलण्यात जातात. काय खेळायचे? कोण कोणाकडे? त्या झाडापलीकडे गेले तर चालेल का? या बोलण्याला आपण वेळेचा अपव्यय समजू नये. सामाजिक कौशल्ये ज्यांना म्हणतात, त्यांचा मोठा भाग याच मिनिटांत घडतो.

राज्य कोणावर, हे ठरवण्यासाठी मुले चकतात. तिघे हात पुढे करतात, कोणाचा तळवा वर, कोणाचा खाली, ज्याचा वेगळा पडला तो सुटला. शेवटी जो उरतो त्याच्यावर राज्य. यात कोणी मोठा नाही, कोणी हुशार नाही, कोणाचे वडील कोण हा प्रश्न नाही. निवड ज्यावर कोणाचाच ताबा नाही अशा गोष्टीवर सोपवली जाते आणि तिचा निकाल सर्व जण मानतात. सात वर्षांचे मूल हे रोज करते. मोठ्यांच्या सभेत एवढ्या सहजपणे कोणी निकाल मानताना आपण पाहिले आहे का?

भिडू वाटून घेण्याची पद्धत तर याहून सुंदर आहे. दोन मुले नायक होतात. उरलेली मुले आपापली जोडी करतात, आणि जोडी नेहमी आपल्याच ताकदीच्या मुलाशी केली जाते. दोघे जरा बाजूला जाऊन गुपचूप नावे घेतात, एक आंबा, एक पेरू. मग एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत येतात आणि विचारतात, “आंबा हवा की पेरू?” नायकाला आंबा कोण हे ठाऊक नसते. त्याने एक मागितला की दुसरा आपोआप समोरच्या बाजूला जातो. दोन्ही संघ सारख्या ताकदीचे होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, “हा नको, तो दे” असे कोणी कोणाच्या तोंडावर म्हणत नाही. शाळेच्या स्पर्धेसाठी संघ निवडताना एकेकाचे नाव पुकारले जाते आणि शेवटी जे मूल उरते त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. या जुन्या पद्धतीत शेवटी उरणारे मूल असे नसतेच. ही युक्ती कोणत्या शिक्षणतज्ज्ञाने काढली असे ऐकिवात नाही. मुलांनीच ती एकमेकांना दिली.

नियम कोणाचा?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांमध्ये नीती-अनीतीची समज कशी वाढते याचा शोध घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांनी मुलांना उपदेशपर प्रश्नांपासून सुरुवात केली नाही. ते जिनिव्हा आणि न्यूशातेल येथील मुलांबरोबर गोट्या खेळत बसले. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा आरंभच गोट्यांच्या खेळापासून होतो. “मला नियम शिकव, मला येत नाही” असे ते मुलाला म्हणत आणि मग विचारत, “हा नियम बदलता येईल का? हा पहिल्यांदा कोणी केला?”

त्यांना असे आढळले की लहान मुले नियमाला मोठ्यांकडून आलेली, अढळ गोष्ट मानतात. वडिलांनी किंवा देवाने केलेला नियम, तो बदलणे म्हणजे पाप. गंमत म्हणजे तीच मुले प्रत्यक्ष खेळताना नियम वाटेल तसे मोडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दहा-अकरा वर्षांच्या सुमारास चित्र पालटते. आता मुलाला कळते की नियम आपण सर्वांनी मिळून मानलेला आहे, सर्वांची संमती असेल तर तो बदलताही येतो. आणि नेमके आता ते मूल नियम मनापासून पाळू लागते.

आपल्यासारख्या साधकांनी या ठिकाणी थोडे थांबावे. भीतीने मानलेला नियम आणि समजून मानलेला नियम यांत केवढे अंतर आहे! आपण मुलांना “असे करू नये” म्हणून शेकडो वेळा सांगतो आणि ते मोडले की दुःखी होतो. पियाजे यांचे म्हणणे असे की पहिल्या प्रकाराकडून दुसऱ्या प्रकाराकडे मूल जाते ते मुख्यतः बरोबरीच्या मुलांमध्ये वावरून. मोठ्यांच्या अधिकाराखाली ते तिथवर पोहोचत नाही. कारण बरोबरीच्या मुलाला धमकावून चालत नाही. त्याला पटवावे लागते. नाही पटले तर तो खेळ सोडून जातो, आणि मग खेळच होत नाही.

आपल्या देशात तर नियम जुळवण्याचा हा सराव आणखी रंगतो. लगोरी पाहा. सात चपट्या दगडांची उतरंड चेंडूने फोडायची आणि समोरच्या संघाचा चेंडू अंगावर लागण्यापूर्वी ती पुन्हा रचायची. महाराष्ट्रात लगोरी, बडोद्याकडे सतोळियुं, इंदूरकडे सितोलिया, उत्तरेत पिट्ठू. बदली होऊन दुसऱ्या प्रांतात गेलेल्या मराठी घरातील मूल नव्या शाळेत पहिल्या दिवशी जाते, तेव्हा भाषा अडखळते, पण सात दगड एकावर एक रचलेले दिसले की ते धावत जाते. मग कळते की इथे चेंडू गुडघ्याच्या वर लागला तर आऊट धरत नाहीत. “आमच्याकडे असं नसतं!” हे त्याचे पहिले वाक्य. दुसरे वाक्य काय असेल, यावर त्या मुलाचे त्या शाळेतील पुढचे दिवस अवलंबून असतात. बहुतेक मुलांचे दुसरे वाक्य असते, “बरं, तुमच्यासारखं खेळू.” आठवडाभराने ते मूल म्हणते, “आज आमच्यासारखं खेळून बघायचं?” आणि बाकीची मुले खेळून बघतात. राष्ट्रीय एकात्मतेवर निबंध लिहून घेण्यापेक्षा हे मला अधिक मोलाचे वाटते.

संयम, पण गोड

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिले. त्यांचे निरीक्षण असे की मूल सर्वांत अधिक आत्मसंयम दाखवते ते खेळात. एरवी हातात आलेली गोळी ते क्षणात तोंडात टाकेल. पण खेळात ती गोळी म्हणजे न खाण्याची वस्तू ठरली असेल, तर खाणार नाही. का? कारण नियम पाळण्यातच खेळाचा आनंद आहे. इथे संयम हा आनंदाच्या विरुद्ध उभा नाही, संयमामुळेच आनंद मिळतो आहे.

लपंडावात राज्य असलेले मूल डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजते. कोणी त्याच्यावर पहारा ठेवलेला नसतो. बोटांच्या फटीतून पाहायला कितीसा वेळ लागतो? पाहतातही काही जण, आणि मग “रडी खातोय” म्हणून गलका होतो. पण बहुतेक वेळा मूल पाहत नाही. आपण ध्यानाला बसल्यावर किती वेळा डोळे किलकिले करून घड्याळ पाहतो, याची आठवण मला इथे होते.

हरणे हा तर आणखी कठीण पाठ. घरात आपण मुलाला मुद्दाम जिंकू देतो. कॅरममध्ये आजोबा राणी सोडून देतात. त्यात प्रेम आहे, पण मैदानावर असे प्रेम कोणी करत नाही. तिथे मूल रोज हरते आणि चिडले तर मुले “चिडका बिब्बा” म्हणून चिडवतात. हे कठोर वाटेल. परंतु तिथली हारही किती छोटी असते! दहा मिनिटांत दुसरा डाव सुरू होतो, मघाचा हरलेला आता जिंकतो. हार ही आपल्यावर मारलेला शिक्का नाही, ती येते आणि जाते, हे मुलाच्या अंगात मुरते. गीतेतील जय-पराजयाविषयीच्या समत्वावर आपण प्रवचने ऐकतो; त्या समत्वाची बाराखडी इथे गिरवली जाते.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील अठराव्या अध्यायात या विषयाचे एक विलक्षण चित्र आहे. गोपाळांनी दोन संघ केले आहेत, एकाचा नायक श्रीकृष्ण, दुसऱ्याचा बलराम. अट अशी की जो संघ हरेल त्याने जिंकलेल्यांना पाठीवर घेऊन भांडीरक वटवृक्षापर्यंत न्यायचे. श्रीकृष्णाचा संघ हरतो. आणि भगवान श्रीकृष्ण श्रीदामाला आपल्या पाठीवर घेऊन चालू लागतात. प्रलंबासुराचा वध याच प्रसंगात पुढे येतो आणि आपण कथा सांगताना घाईने तिकडे वळतो. यापुढे बालसंस्कार वर्गात ही कथा सांगताना असुराकडे जाण्यापूर्वी थोडे थांबून पाहा. हरलेला परमेश्वर मित्राला पाठीवर घेऊन चालला आहे, ठरलेला नियम पाळत. मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, ती हसतात.

खो देणे

खो-खो हा खेळ आपण सर्वांनी शाळेत खेळलेला असतो. पुण्यातील डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्याचे नियम बांधले आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत विजयी झाला. पण इथे आपल्याला स्पर्धेपेक्षा त्याच्या नियमांकडे पाहायचे आहे.

पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू. त्यांतील आठ जण दोन खांबांमधल्या पट्टीवर चौकोनांत बसलेले, एकाचे तोंड या बाजूला तर शेजारच्याचे त्या बाजूला. नववा धावतो. पळणारा बसलेल्या खेळाडूंमधून हवा तसा आरपार जाऊ शकतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणजे पळणारा डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, पण पलीकडे गेला, की आपण कितीही वेगवान असलो तरी हतबल. आता एकच उपाय उरतो. तिकडे तोंड करून बसलेल्या मित्राच्या पाठीला हात लावायचा, “खो” म्हणायचे आणि आपण त्याच्या जागी खाली बसायचे.

शाळेच्या मैदानावर नवशिके मूल काय करते? ते खो देत नाही. स्वतःच पकडायचे म्हणून धावत राहते, दमते, पळणारा हसत निघून जातो. बसलेली मुले ओरडतात, “खो दे! खो दे!” काही दिवस हे चालते. मग एके दिवशी ते मूल वेळेवर खो देते, मित्र उठून दोन पावलांत गडी मारतो आणि बसलेल्या मुलाला असा आनंद होतो की जणू त्यानेच मारला. हा क्षण शिक्षकांनी, पालकांनी जरूर टिपावा. आपले श्रेय दुसऱ्याच्या हाती देण्यात नुकसान नाही, हे त्या मुलाला त्या दिवशी कळले. ‘मी’ पासून ‘आम्ही’ पर्यंतचे हे अंतर अनेक मोठ्या माणसांना, संस्था चालवणाऱ्यांनाही, आयुष्यभर कापता येत नाही.

आणि बसलेल्या आठ जणांचे काय? त्यांचीही साधना चालू असते. वाट पाहायची, पण बेसावध राहायचे नाही. खो केव्हा मिळेल सांगता येत नाही आणि मिळण्यापूर्वी उठले तर चूक ठरते.

आपल्या संतांना खेळांचे हे मर्म ठाऊक होते असे दिसते. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, टिपरी, हमामा, चेंडूफळी अशा खेळांवर अभंग आहेत, आणि पंढरीच्या वाटेवर आजही पांढऱ्या केसांचे वारकरी फुगडी घालतात. स्वामी विवेकानंदांचे फुटबॉलविषयीचे उद्गार आपण वारंवार ऐकतो. पण १८९७ मधील मद्रासच्या त्या व्याख्यानात त्यांचा रोख शरीराच्या बळाकडे होता, मुलांनी एकत्र राहायला शिकण्याकडे नव्हे. या विषयात तो आधार थोडा ओढूनताणून आणला जातो, असे मला वाटते.

लिंबूटिंबू

मैदानावर मोठ्या मुलांच्या मागे एखादे धाकटे भावंड आलेले असते. त्याला खेळायचे असते, पण खेळता येत नाही. त्याला घ्यावे तर खेळ बिघडतो, न घ्यावे तर ते रडते. मुलांनी यावर उपाय शोधला आहे : ते लिंबूटिंबू. ते धावेल, पकडेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, ते आऊट झाले तरी आऊट धरायचे नाही. हिंदी भाषक मुले यालाच कच्चा नींबू म्हणतात. नाव बदलते, करुणा तीच.

यात दुहेरी शिकवण आहे. मोठ्या मुलाला कळते की समान नियम म्हणजे सर्वांना एकच माप नव्हे. आणि लिंबूटिंबू मात्र मनात वाट पाहत असते, कधी एकदा आपण पक्का गडी होऊ. ज्या दिवशी त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते त्या दिवशी ते कुरकुरत नाही, अभिमानाने घरी सांगते. मराठीत या अवस्थेला आपण ‘राज्य’ म्हणतो हे किती अर्थपूर्ण आहे! ज्याच्यावर राज्य आहे तोच सर्वांत जास्त धावतो.

पायरी पायरीने ही समज येते, हेही लक्षात असावे. दोन-तीन वर्षांची मुले शेजारी शेजारी बसून आपापले खेळतात, एकमेकांबरोबर नाही. बालवाडीतील मुलांच्या निरीक्षणावरून मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ मध्येच हे नोंदवून ठेवले आहे. त्या वयाच्या मुलाने खेळणे दिले नाही म्हणून त्याला “स्वार्थी” म्हणणे अन्यायाचे आहे.

मैदानाची दुसरी बाजू

मैदानाचे इतके गुणगान केल्यावर दुसरी बाजू न सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मैदानावर मुले क्रूरही होतात. एकाच मुलावर रोज राज्य आणले जाते. एखाद्या मुलीला “आमचे भिडू पूर्ण झाले” म्हणून रोज परत पाठवले जाते. जाड्या, काळ्या, चष्मिश अशी नावे पडतात. आणि समाजातील भेद कुंपणावरून उडी मारून आत येतात.

पकडापकडीला मराठीत शिवाशिवी म्हणतात. याच शब्दाला आपल्या समाजात दुसरा अर्थ होता, आणि तो किती जळजळीत होता हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शालेय आठवणींत सांगितले आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला वेगळे गोणपाट होते. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. ज्या मुलाने नळाला शिवायचे नाही, त्याला खेळात कोण शिवणार होते? खेळातल्या शिवाशिवीत स्पर्शाने कोणी बाटत नाही. ज्याला स्पर्श झाला त्याच्यावर राज्य येते, आणि राज्य कोणावरही येऊ शकते. आपल्या शाळेत, आपल्या वर्गात, ते खरोखर कोणावरही येते का, हे डोळे उघडे ठेवून पाहावे लागेल.

अमेरिकेतील शिकागो येथील बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात एक नियम आणला होता : “तू खेळायचं नाहीस असं कोणी कोणाला म्हणायचं नाही.” १९९२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नियम लावण्यापूर्वी त्यांनी तो आपल्या आणि वरच्या इयत्तांतील मुलांपुढे चर्चेला ठेवला. मुलांना तो न्याय्य वाटला, पण पाळायला अवघडही वाटला.

मग मोठ्यांनी मध्ये केव्हा पडावे? माझ्या समजुतीप्रमाणे खूण अशी : भांडणात बाजू बदलतात, छळात बदलत नाहीत. आज एक रडला, उद्या दुसरा रडला, परवा दोघे एकत्र डबा खात बसले, हे भांडण. करंगळीने कट्टी आणि दुसऱ्या दिवशी बट्टी. यात आपण पडू नये. रोज तेच मूल एकटे, रोज तेच हसण्याचा विषय, आणि ते मूल सुट्टीची घंटा झाली की शौचालयात किंवा वाचनालयात जाऊन बसते, हा छळ. इथे गप्प राहणे हा आपला अपराध ठरेल.

आपण कुठे उभे राहावे

बडोद्यात आमच्या रविवारच्या बालसंस्कार वर्गात प्रार्थनेनंतर मुले पटांगणात लगोरी खेळतात. मी सेवेला नवा होतो तेव्हा चेंडू एका मुलाच्या सदऱ्याला लागला की नाही यावरून वाद झाला. मी धावत गेलो, साक्षी घेतल्या आणि निकाल दिला, “लागला नाही.” निकाल बरोबरच होता, कारण मी स्वतः पाहिले होते. पण दोन मुले रुसून बाजूला बसली, आणि त्या दिवसानंतर प्रत्येक वादात सर्व जण माझ्याकडे धावत येऊ लागले : “दादा, हा बघा ना!” पूर्वी आपसात मिटणाऱ्या गोष्टी आता तक्रारी झाल्या.

आमच्या ताईंनी मला बोलावून एवढेच सांगितले, “पुढच्या रविवारी तू हजेरीपट घेऊन पायरीवर बस. वर मान करू नकोस.” मी बसलो. वाद झालाच, मोठ्याने झाला. मला उठावेसे वाटत होते. सात-आठ मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, “जाऊ दे, डाव परत.” सर्वांनी दगड पुन्हा रचले. चेंडू लागला होता की नव्हता, हे शेवटपर्यंत ठरले नाही. मी मागच्या वेळी खरे काय ते शोधत होतो. त्यांना खेळ पुढे चालायला हवा होता. वाणिज्य शाखेत शिकत असल्याने हिशेब शेवटच्या पैशापर्यंत जुळलाच पाहिजे अशी मला सवय. काही हिशेब न जुळवता सोडून द्यायचे असतात, हे त्या मुलीने मला शिकवले.

याचा अर्थ मोठ्यांना काम नाही असा नव्हे. आपले काम मैदान राखण्याचे आहे. बालकांच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचे मैदान असावे असे स्पष्ट म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. तरीही शहरांतील किती शाळांत मैदानाच्या जागी गाड्या उभ्या असतात! गृहपाठ केला नाही म्हणून मधली सुट्टी बंद ही शिक्षा तर आपल्याला वावगीही वाटत नाही. ज्या मुलाला वर्गात चुळबुळ आवरत नाही, त्याचीच सुट्टी आपण काढून घेतो. पालक सभेत आपण गुणांविषयी विचारतो, तसे एकदा याविषयीही विनम्रपणे विचारावे.

आणि आपल्या घराकडेही पाहावे. शाळा सुटली की शिकवणी, त्यानंतर चित्रकला, त्यानंतर श्लोकपाठांतर. यातील प्रत्येक गोष्ट चांगली आहे. पण या सर्व ठिकाणी कोणीतरी मोठे माणूस समोर बसलेले असते आणि मूल त्याच्याकडे तोंड करून बसते. मुलांनी एकमेकांकडे तोंड करून बसण्याची वेळ कुठली? आपल्या वर्गाच्या दोन तासांतही खेळाला शेवटची दहा मिनिटे मिळतात, आणि प्रवचन लांबले की तीही जातात. ज्या केंद्रांत असे होत असेल, त्यांनी वेळापत्रकाचा पुन्हा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

या आठवड्यातील अभ्यास

शक्य असल्यास मुलाच्या शाळेच्या, सोसायटीच्या किंवा आपल्या केंद्राच्या पटांगणाजवळ वीस मिनिटे बसावे. मोबाइल पिशवीत ठेवावा. मुलांना सूचना देऊ नयेत, छायाचित्रे काढू नयेत. फक्त पाहावे : खेळ सुरू होण्यापूर्वी किती बोलणे झाले? वाद किती झाले आणि ते कसे मिटले? “डाव परत” असे कोण म्हणाले? कडेला कोणी एकटे उभे होते का, आणि शेवटपर्यंत उभेच राहिले का?

घरी आल्यावर मुलाला उपदेश करू नये. एवढेच विचारावे, “आज राज्य कोणावर होते?” आणि मग त्याचे सांगणे संपेपर्यंत ऐकावे, वरणाला फोडणी द्यायची राहिली असली तरीही.